आधी साईट, मग संघ: फॅन साईटवरून ईस्पोर्ट्स ऑर्ग उभी करताना या चुका टाळा

टीम लिक्विड हे नाव आज डोटा २, काउंटर-स्ट्राइक, लीग ऑफ लेजेंड्स अशा कितीतरी खेळांत दिसतं. २००० साली मात्र ती स्टारक्राफ्ट खेळणाऱ्यांची एक छोटी क्लॅन, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी, होती. नेदरलँड्सच्या व्हिक्टर गूसेन्सने (खेळातलं नाव नाझगुल) पुढच्याच वर्षी क्लॅनची साईट काढली. कोरियातल्या लीगमध्ये काय चाललंय हे तिथे इंग्रजीत वाचायला मिळायचं, म्हणून जगभरचे स्टारक्राफ्टवेडे तिकडे वळले. व्यावसायिक संघ म्हणून लिक्विड उभी राहिली ती २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आल्यावर. म्हणजे संघाआधी जवळपास नऊ वर्षं साईटच चालली होती.

आपल्याकडे बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. दोन वर्षं राबून एखाद्या खेळाचं पान किंवा विकी (वाचकांनीच भरायची माहितीची साईट) उभी राहते, वाचक येतात आणि तिसऱ्या महिन्यात रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) जाहीर होतो. वर्षभरात रोस्टरही जातो आणि साईटही ओस पडते. हे कुठे बिघडतं आणि कसं सावरायचं, ते पाहू.

साईटच्या नावात खेळाचं नाव

पहिली चूक नाव ठरवतानाच होते. खेळाचं नाव डोमेनमध्ये असलं की शोधात पटकन वर येता येतं, पण ते नाव प्रकाशकाच्या मालकीचं असतं. उद्या त्याच नावाने जर्सी विकायची किंवा ट्रेडमार्क घ्यायचा म्हटलं तर अडलंच. शिवाय तो खेळ बसला की नावही बसतं. ‘टीम लिक्विड’ या नावात स्टारक्राफ्ट कुठेच नाही, म्हणून २०१२ मध्ये डोटा २ मध्ये उतरताना त्यांना पाटी बदलावी लागली नाही.

खेळ बंद होणं ही आपल्याकडे कल्पनेतली भीती नाही. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. बीजीएमआय (त्याचीच भारतीय आवृत्ती) जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधले दहा महिने ज्यांच्याकडे हाच एक खेळ होता, त्यांनी काय दाखवायचं आणि स्पॉन्सरला काय सांगायचं? निदान दुसऱ्या एका खेळाची पानं आधीपासून चालती ठेवा, भले त्यात तुमचा संघ नसो.

नाव पक्कं झालं की ट्रेडमार्कचा अर्ज लवकर करा. स्पर्धा आणि मनोरंजनासाठी वर्ग ४१, कपड्यांसाठी वर्ग २५. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. रोस्टर जाहीर करण्याआधी हे उरकून घ्या.

संघाचा पगार साईटच्या गल्ल्यातून

सगळ्यात जास्त साईट इथेच बुडतात, म्हणून आकडे मांडूनच बघू. समजा जाहिराती आणि देणग्या मिळून महिन्याला ६०,००० रुपये येतात. सर्व्हर, सीडीएन (पानांच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) आणि बॅकअपच्या जागेला १८,००० जातात, दोन अर्धवेळ संपादकांचं मानधन २४,०००. उरले १८,०००. आता पाच खेळाडू आणि एक राखीव, प्रत्येकी १५,००० म्हणजे ९०,०००. प्रशिक्षक २०,०००. झाले १,१०,०००. दर महिन्याला ९२,००० ची तूट.

‘बक्षिसातून भरून काढू’ असं इथे हमखास म्हटलं जातं. बक्षिसात ऑर्गचा (संघ चालवणाऱ्या संस्थेचा) वाटा २० टक्के धरला, तर ९२,००० मिळायला महिन्याला ४,६०,००० रुपयांची बक्षिसं जिंकावी लागतील, तीही दर महिन्याला न चुकता. वर बक्षिसाची रक्कम हातात पडायला दोन-तीन महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त. पगार मात्र एक तारखेला द्यायचा असतो.

म्हणून दोन खाती ठेवा आणि ती खरोखर वेगळी ठेवा. साईटच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च पडून असला पाहिजे, वरच्या उदाहरणात २,५२,००० रुपये. तो जमेपर्यंत पगारी रोस्टरचा विषय काढू नये. तोवर स्पर्धा भरवा. लिक्विडनेही टीम लिक्विड स्टारलीग स्वतः भरवली होती. स्वतःची स्पर्धा असली की स्पॉन्सरशी पहिला व्यवहार छोट्या रकमेत होतो, नियमपुस्तिका लिहायची आणि वाद सोडवायची सवय लागते आणि कोणता खेळाडू वेळेवर येतो, हरल्यावर कसा वागतो, हे पगार न देता कळतं.

विकी म्हणजे संघाची भिंत नव्हे

लिक्विपीडिया या टीम लिक्विडच्या ईस्पोर्ट्स विकीवर प्रतिस्पर्धी संघांची पानंही असतात, आणि तिचा सगळा दरारा त्यातच आहे. दुसऱ्या संघाचा मॅनेजर किंवा स्पर्धेचा आयोजक तुम्हाला बदललेला रोस्टर, बक्षिसांची वाटणी, वेळापत्रक कधी पाठवेल? तुमच्या पानावर त्याच्या संघाला उणं-दुणं होत नाही अशी खात्री असेल तेव्हाच. स्वतःचा संघ हरला त्या रात्री निकाल दोन तास उशिरा चढला, एवढ्यावरही ती खात्री जाते.

संघाच्या मॅनेजरला विकीवर पानं हटवण्याचे किंवा बंद करण्याचे हक्क देऊ नका, साधं खातं पुरे. स्वतःच्या संघाचा निकाल संघाबाहेरच्या माणसाने चढवायचा. रोस्टरमधल्या बदलाची आतली बातमी ज्याला ठाऊक आहे, त्याने जाहीर होईपर्यंत ते पान उघडायचंही नाही. अर्धवट केलेलं एडिट इतिहासात दिसतं आणि चाहते तो इतिहास बारकाईने वाचतात.

दुसरीकडची माहिती उचलतानाही घोळ होतो. लिक्विपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक ३.० परवान्याखाली आहे. तो वापरायचा तर स्रोताचं नाव द्यायचं आणि तुमचं पानही त्याच परवान्याखाली ठेवायचं. फोटोंचे हक्क वेगळे असू शकतात, ते एकेक तपासायचे. एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रामकरवी, माहिती घेत असाल तर दोन सेकंदांत एकच विनंती, आणि अख्खं पान पार्स करून (तयार रूपात) मागत असाल तर तीस सेकंदांत एक. तुमचं बॉट अचानक ब्लॉक झालं तर आधी हा वेग आणि बॉटच्या ओळखीत तुमचा संपर्क दिलाय की नाही, ते बघा.

फुकट राबणाऱ्या संपादकांबद्दलही इथेच सांगायला हवं. संघाला पैसे सुटतात आणि पाच वर्षं रात्री जागून निकाल भरणाऱ्याला साधं विचारलंही जात नाही, हे फार दुखतं आणि ते दुखणं रास्त आहे. २०१६ मध्ये टीम लिक्विडचा बहुमताचा हिस्सा ॲक्सिओमॅटिक या गुंतवणूक गटाकडे गेला. तुमच्याकडे त्याच्या शतांश रक्कम आली, तरी ती बातमी संपादकांना बाहेरून कळता कामा नये. ब्रँड, डोमेन आणि सर्व्हर विकले जातात. खुल्या परवान्याखाली लिहिलेला मजकूर मात्र कोणीही उचलून दुसरीकडे नेऊ शकतो. संपादक रुसून गेले तर ते मजकुरासकट जातील, हे गुंतवणूकदारालाही आधीच सांगून ठेवा.

फायनलच्या रात्री साईट झोपते

लक्षणं ठरलेली आहेत. एरवी झटकन उघडणारं पान वीस सेकंद घेतं, मग ५०२ किंवा ५०४ असा सर्व्हर अडल्याचा संदेश येतो, आणि नेमकं तिसऱ्या गेमच्या शेवटी. लोक लगेच मोठा सर्व्हर घेतात. पैसे जातात आणि पुढच्या फायनलला पुन्हा तेच, कारण दुखणं बहुधा कॅशिंगमध्ये (तयार पानाची प्रत काही वेळ राखून तीच देण्यात) असतं.

हिशेब करा. ५,००० वाचक दर ३० सेकंदांनी पान ताजं करत असतील तर सेकंदाला सुमारे १६७ विनंत्या होतात. प्रत्येक विनंतीला मीडियाविकीने (विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पान नव्याने बांधायचं ठरवलं तर चांगला सर्व्हरही टेकीला येतो. लॉग-इन न केलेल्या वाचकांसाठी व्हार्निश (कॅश सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा सीडीएनमध्ये ३० सेकंदांची कॅश ठेवली, तर त्या पानासाठी मूळ सर्व्हरवर ३० सेकंदांत एक-दोनच विनंत्या पोचतात. थेट स्कोअर पानाच्या मजकुरात घालू नका. तो वेगळ्या छोट्या फाइलमधून आणा, म्हणजे प्रत्येक किलमागे अख्खं पान कॅशमधून उडत नाही.

कॅश नीट असूनही साईट अडखळली, तर ‘अलीकडील बदल’ उघडून कोणी टेम्प्लेटला (अनेक पानांत वापरायच्या सामायिक साच्याला) हात लावलाय का बघा. संघाचा लोगो दाखवणारं टेम्प्लेट हजारो पानांवर असतं. उत्साहाच्या भरात कोणीतरी फायनल चालू असतानाच त्यातला एक पिक्सेल बदलतो आणि त्या हजारो पानांचं काम जॉब क्यूमध्ये (उरलेल्या कामांच्या रांगेत) जाऊन पडतं. मीडियाविकी ही कामं एरवी वाचकांच्या विनंत्यांच्या शेपटाला बांधून उरकते, म्हणजे भार ऐन गर्दीतच वाढतो. जॉब रन रेट ही सेटिंग शून्यावर आणा, रनजॉब्स ही स्क्रिप्ट क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीने) वेगळी चालवा आणि मोठ्या सामन्याच्या २४ तास आधीपासून सामायिक टेम्प्लेटं फक्त प्रशासकांसाठी खुली ठेवा.

वेळापत्रक एका तासाने चुकतं

युरोपातल्या लीगचे सामने वर्षातून दोनदा आपल्याकडे एका तासाने सरकतात. कोपनहेगनला संध्याकाळी ६ चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ९.३० ला असतो, हिवाळ्यात १०.३० ला. युरोपातलं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेतलं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे मधले एक ते तीन आठवडे या दोघांतलं अंतरही वेगळं असतं. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाण वेळेतच) साठवा आणि दाखवताना वाचकाच्या घड्याळात बदला. हाताने साडेपाच तास मिळवत बसणारा संपादक कधीतरी चुकतोच.

रात्री उशिराचे सामने बरेच जण दुसऱ्या दिवशी बघतात, तेव्हा मथळ्यात निकाल देऊ नका.

चाव्या एकाच्याच खिशात

डोमेन ज्या मुलाने कॉलेजात असताना घेतलं त्याच्याच जीमेलवर असतं, आणि नोकरी लागल्यावर तो ते खातं बघतही नाही. डॉट कॉम डोमेनची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे (डोमेन विकणाऱ्या कंपनीप्रमाणे) काही दिवसांची सवलत मिळते. पुढे ३० दिवसांचा सोडवून घेण्याचा काळ असतो, पण त्याला जादा पैसे पडतात. त्यानंतर ५ दिवसांत नाव बाजारात मोकळं होतं. डोमेन संस्थेच्या नावावर करा, निदान पाच वर्षांचं भरून टाका, दुहेरी पडताळणी लावा आणि रिकव्हरी कोड दोघांकडे ठेवा.

बॅकअपमध्येही एक ठरलेली चूक होते. मीडियाविकीचा एक्सएमएल डम्प (पानांच्या मजकुराची एकत्र फाइल) घेतला म्हणजे झालं, असं वाटतं. त्यात चित्रं नसतात, सदस्यांची खाती आणि पासवर्डही नसतात. डेटाबेसचा पूर्ण डम्प, चित्रांचा फोल्डर, लोकलसेटिंग्ज फाइल आणि एक्स्टेन्शन या चारही गोष्टी हव्यात. चालत्या साईटवर डम्प घेताना सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावा, म्हणजे इनोडीबी या साठवणीच्या प्रकारातली टेबलं अडकून पडत नाहीत. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर खरोखर उतरवून पाहा.

सट्ट्याच्या जाहिराती

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पैसे घेऊन हेच लोक येतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ईस्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली. अशा खेळांच्या जाहिरातीलाही त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. स्वयंचलित जाहिरात-जाळ्यातूनही हे बॅनर घुसतात, म्हणून तो प्रकारच ब्लॉक करा आणि आठवड्यातून एकदा लॉग-इन न करता मोबाइलवर स्वतःची साईट उघडून बघा.

रोस्टर निघून जातो तेव्हा

तो जाणारच, हे धरूनच करार करा. २०११ मध्ये हकसारखा स्टारक्राफ्ट २ चा खेळाडू ऐन भरात लिक्विड सोडून ईव्हिल जीनियसेस या दुसऱ्या ऑर्गकडे गेला. २०१७ मध्ये द इंटरनॅशनल (डोटा २ ची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकून सुमारे १ कोटी ८ लाख डॉलर मिळवणारी कुरोकी या खेळाडूची लिक्विडमधली डोटा टीम २०१९ मध्ये बाहेर पडली आणि तिने निग्मा नावाची स्वतःची संस्था काढली.

करारात मुदत, नोटिशीचे दिवस, पगाराची तारीख, बायआउटची (मुदतीआधी खेळाडू दुसऱ्या ऑर्गने नेल्यास द्यायची) रक्कम आणि स्ट्रीमचे तास असावेत. बक्षीस जमा झाल्यापासून किती दिवसांत वाटायचं आणि सोशल मीडियाची खाती कोणाची, हेही लिहा. खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर आपल्याकडे त्याने स्वतः केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो. आई-वडिलांना समोर बसवून कलमं वाचून दाखवा आणि पालक म्हणून त्यांची सही घ्या. ‘सोडून गेल्यावर वर्षभर दुसऱ्या ऑर्गकडे खेळायचं नाही’ हे कलम वकील नसलेले लोक हमखास घालतात, पण करार कायद्याच्या कलम २७ पुढे ते टिकत नाही. स्लॉटचं (स्पर्धेतल्या संघाच्या जागेचं) मात्र आधीच बघा. काही स्पर्धांत तो ऑर्गचा असतो, काहींत पाचांतले तिघे ज्या बाजूला त्यांचा. नियमपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

जायचं ठरलं की पहिल्या तासात यूट्यूब आणि डिस्कॉर्डचे हक्क काढा, सामायिक पासवर्ड बदला. त्याच दिवशी विकीवर तारखेसह नोंद करा आणि जुने निकाल त्यांच्या नावावर तसेच राहू द्या. चाहते चिडून लिहितील. शिवीगाळ काढा, पण टीका राहू द्या. नवा रोस्टर घाईने घेऊ नका. कुरोकी गेल्यावर लिक्विडने अलायन्स या संघाकडून आलेले खेळाडू घेतले. त्यातले इन्सानिया, मिके आणि बॉक्सी २०२४ पर्यंत टिकले, आणि त्या सप्टेंबरात कोपनहेगनला लिक्विडने द इंटरनॅशनल दुसऱ्यांदा जिंकली.