एमजीबीच्या सीटमागचं बॅटरीचं झाकण: हाताने उघडेल आणि न उघडता चार्जिंग होईल असं करून घ्या

एमजीबी रोडस्टर म्हणजे जुनी ब्रिटिश, उघड्या छताची स्पोर्ट्स कार. हिची बॅटरी बॉनेटखाली नसते, ती असते सीटच्या मागे, कार्पेटखाली, एका पत्र्याच्या झाकणाखाली. बॅटरीचं पाणी बघायचं म्हटलं की आधी सीट पुढे सरकवा, मागचं सामान काढा, कार्पेट उचला, मग चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू पाव फेरा फिरवत बसा, आणि त्यातला एक तरी गंजलेला असतोच जो नुसता जागच्या जागी फिरत राहतो. परिणाम काय, तर कोणी बघतच नाही. गाडी महिना-दीड महिना उभी, बॅटरी हळूहळू उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि मग लोक म्हणतात की या गाड्या बॅटऱ्या खातात. गाडी काही खात नाही हो, तिच्या बॅटरीकडे जायचा रस्ता वाईट आहे एवढंच.

यावर नवीन झाकण बनवायच्या भरपूर आयडिया आहेत, पण माझं मत आधीच सांगतो, ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून घोळ घालतात. एक, झाकण हाताने पटकन उघडता यावं, म्हणजे पाणी, टर्मिनल, गंज बघता येईल. दोन, चार्जिंगसाठी झाकण उघडायलाच लागू नये. दोन्ही करा, पण नुसतं दुसरं करून थांबू नका, कारण चार्जिंगची वायर बाहेर आली की माणूस झाकण कायमचं विसरतो आणि आत पाणी आटलेलं कळतच नाही.

आधी आपली गाडी कुठली ते बघा. १९६२ पासूनच्या गाड्यांमध्ये ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, प्रोपेलर शाफ्टच्या दोन बाजूंना एकेक, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे. १९७४ मध्ये कंपनीने एकच १२ व्होल्टची बॅटरी द्यायला सुरुवात केली, आणि आधीच्या बऱ्याच गाड्यांमध्येही नंतरच्या मालकांनी एकच बसवलेली सापडते. दुसरं म्हणजे अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं प्लस की मायनस कुठलं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय ते. सुरुवातीच्या डायनॅमोवाल्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, १९६७ च्या शेवटी मार्क टू ही सुधारित आवृत्ती आली तेव्हापासून अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ. पण साठ वर्षांत कोणी काय बदललंय याचा भरवसा नाही, म्हणून वर्षावर जाऊ नका, बॅटरीच्या कुठल्या टर्मिनलची केबल बॉडीला बोल्ट केलीय ते डोळ्याने बघा. पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

काम सुरू करताना बॉडीला जाणारी केबल पहिली काढायची आणि शेवटी लावायची. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत ती प्लसची केबल असते, सवयीने मायनसकडे हात जातो तेवढं सांभाळा. अंगठी-घड्याळ काढून ठेवा, आणि हातातला पाना एका वेळी टर्मिनलला आणि झाकणाच्या कडेला टेकणार नाही असा धरा, तिथे जागा खरंच कमी आहे.

झाकण

मूळ पत्र्याचं झाकण टाकून देऊ नका. मी तर म्हणेन आधी तेच सुधारून बघा, नव्वद टक्के लोकांना पुढे जायची गरजच पडत नाही. त्याची खरी अडचण दोन: स्क्रू, आणि पत्रा टर्मिनलच्या फार जवळ असणं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. मागे जड बॅग ठेवली की झाकण मधोमध दबतं, आणि बॅटरी मूळ मापापेक्षा थोडी जरी उंच असेल तर पत्रा थेट टर्मिनलवर येतो. झाकण बॉडीला जोडलेलं, म्हणजे सरळ शॉर्ट, आणि तोही मध्ये कुठलाच फ्यूज नसलेल्या जाड केबलवर. मग नुसती ठिणगी पडून थांबत नाही, पत्रा लाल होतो आणि वर कार्पेट असतं.

किती अंतर आहे ते अंदाजाने ठरवू नका. मुलांच्या खेळातली मऊ क्ले घ्या, तिचा लिंबाएवढा गोळा प्रत्येक टर्मिनलवर ठेवा, वर प्लास्टिकचा कागद टाका म्हणजे चिकटणार नाही. केबल काढलेल्याच असू द्या. झाकण बसवा, स्क्रू लावा, मधोमध गुडघा टेकवून वजन द्या, आणि उघडून दबलेल्या क्लेची जाडी मोजा. १२ मिलीमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर बॅटरी खाली घ्यायला हवी किंवा बुटकी आणायला हवी, नुसतं रबर लावून भागणार नाही. जास्त असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूने ३ मिलीमीटरची रबर शीट कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने चिकटवा, आधी गंज घासून, प्रायमर-पेंट मारून, नीट वाळल्यावर. शीट कडेपर्यंत नेऊ नका. स्क्रू जिथे बसतात तिथली एकूण जाडी वाढली की पाव फेऱ्याचे फास्टनर लॉकच होत नाहीत, आणि लोकांना वाटतं फास्टनर खराब निघाले. टर्मिनलवर रबरी टोप्या घालाच, रबर शीट आहे म्हणून त्या टाळू नका.

फास्टनर डझस या नावाने मिळतात आणि त्यातच फुलपाखरासारख्या पंखांच्या डोक्याचे किंवा घडी होणाऱ्या कडीचे प्रकार येतात, ते घ्या. बोटाने फिरतात, स्क्रूड्रायव्हर नको, नाणं नको. कडीवाले जास्त चांगले कारण ते आडवे पडतात, पंखवाले कार्पेटखाली टेंगूळ दाखवतात. विकत घेताना डोक्याचा व्यास, बारचा व्यास आणि डोक्याखालून पिनपर्यंतची लांबी अशी तीनही मापं जुन्यावरून घ्या, नुसतं दिसायला सारखं म्हणून आणलं तर एक तर फिरणार नाही नाहीतर खुळखुळत राहील. खालची स्प्रिंग गंजलेली असेल तर तीही बदला, तिच्यामुळेच तो स्क्रू नुसता फिरत असतो.

कडेला फोमची पट्टी लावायची, बंद पेशींचा म्हणजे पाणी न शोषणारा ईपीडीएम फोम. खालून बॅटरीची पेटी उघडी आहे, रस्त्याचं पाणी आणि सायलेन्सरचा धूर तिथून केबिनमध्ये येतो, ही पट्टी त्यासाठी आहे.

मूळ झाकण सडलंच असेल किंवा नवीनच करायचं ठरलं असेल तर मरीन प्लाय घ्या, ९ मिलीमीटर पुरते, जुनं झाकण वर ठेवून पेन्सिलने आखा, जिगसॉने कापा, आणि सगळ्या कडांसकट इपॉक्सीचे दोन हात मारा, भोकांच्या आतूनही. ॲल्युमिनियम शीट दिसायला मस्त दिसते, पण टर्मिनलच्या डोक्यावर परत धातूच ठेवायचा तर एवढी मेहनत कशाला. प्लायची जाडी पत्र्यापेक्षा बरीच जास्त, म्हणजे फास्टनरही तेवढ्या लांबीचे लागणार. काही जण बिजागरी लावून अर्धं झाकण उघडेल असं करतात, चांगलं आहे, पण बिजागरीचे बोल्ट आतून बाहेर आलेले नकोत आणि बिजागरी सीटच्या बाजूला नको, नाहीतर झाकण उघडून सीटलाच अडकतं. कार्पेट कापू नका, चिकटपट्टीने म्हणजे वेल्क्रोने बसवा आणि एका कोपऱ्याला ओढायला छोटीशी पट्टी शिवून घ्या.

झाकण उघडंच आहे तर पेटीचा तळ बघून घ्या. ॲसिड सांडून तिथे पत्र्याची चाळण झालेली असते. खाण्याचा सोडा पाण्यात घालून ओता, फेस येणं थांबेपर्यंत, तो बॅटरीच्या सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नका, मग पाण्याने धुवा. पत्रा बोटाने दाबून हलत असेल तर आधी वेल्डिंग, बाकी सगळं नंतर.

चार्जिंगची वायर

२.५ स्क्वेअर मिलीमीटरची दोन रंगांची वायर, टोकाला रिंगची थिंबल, ती थेट बॅटरीच्या क्लॅम्पच्या बोल्टवर. जुन्या हेल्मेटसारख्या टोपीच्या केबल असतील तर त्या मधल्या स्क्रूखाली रिंग दाबू नका, पकड सैल होते, सरळ क्लॅम्पवाली टोकं बसवून घ्या. दोन बॅटऱ्या असतील तर वायर त्यांना जोडणाऱ्या मधल्या केबलवर अजिबात जायला नको, दोन टोकांच्या टर्मिनलवर, तिथेच १२ व्होल्ट मिळतात.

फ्यूज १० ॲम्पिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, आणि तो बॉडीला न जोडलेल्या बाजूच्या वायरवर. निगेटिव्ह अर्थ असेल तर प्लसवर, पॉझिटिव्ह अर्थ असेल तर मायनसवर. हे उलटं झालं तर वायर घासून बॉडीला लागल्यावर फ्यूज मध्ये येतच नाही.

कनेक्टरचं पण तसंच. चार्जरबरोबर येणाऱ्या दोन पिनांच्या एसएई कनेक्टरमध्ये बॅटरीच्या बाजूची प्लसची पिन रबरात झाकलेली असते आणि मायनसची उघडी. निगेटिव्ह अर्थ गाडीत हे बरोबर आहे, कारण उघडी पिन बॉडीला लागली तरी काही होत नाही. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत मात्र उघडी पिनच लाइव्ह होते. तिथे दोन्ही पिना आत असलेला अँडरसनसारखा कनेक्टर वापरा आणि त्यावर झाकण ठेवा. चार्जरचं लाल प्लसला आणि काळं मायनसला, हे दोन्ही गाड्यांत तेच राहतं, अर्थिंगने ते बदलत नाही.

वायर झाकणाच्या कडेतून दाबून काढू नका, पत्र्याला भोक पाडून रबर ग्रोमेट घाला. मग सीटच्या मागून, दाराच्या बाजूला, दार उघडून उभ्या उभ्या हात पोचेल अशा जागी आणा. सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून बघा, सीटच्या रेलमध्ये वायर आली की ती कापली गेलीच म्हणून समजा. बॅटरी कट-ऑफ स्विच लावलेला असेल तर चार्जिंगची वायर त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला जोडा, म्हणजे गाडी बंद करूनही चार्जिंग चालू राहील.

चार्जर ४-५ ॲम्पिअरच्या आतला स्मार्ट प्रकारचा पुरे, जो भरल्यावर आपोआप व्होल्टेज खाली आणतो. आधी कनेक्टर जोडा, मग भिंतीवरचं बटण चालू, आणि काढताना आधी बटण बंद. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो, आणि तो वर जातो, म्हणजे बरोबर आपल्या झाकणाखाली साठतो. म्हणून छोटी देखभाल चार्जिंग झाकण लावून चालेल, पण पूर्ण उतरलेली बॅटरी भरताना झाकण उघडं, हूड म्हणजे गाडीचं कापडी छत खाली किंवा काचा उघड्या.

आता हे सगळं झालं की महिन्यातून एकदा कड्या फिरवून झाकण उघडायचं. चार्जर काढून काही तास झाल्यावर मल्टिमीटर लावा: १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. पाणी प्लेटांच्या वर हवं, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्ज झाल्यावर, आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये उतू जातं आणि परत पेटीचा पत्रा खातं. दोन बॅटऱ्यांवाल्यांनी बाहेरच्या कनेक्टरवर मोजून समाधान मानू नका, प्रत्येकीचं वेगळं मोजा. दोन्ही मिळून १२.४ दिसत असताना एक ६.३ आणि दुसरी ६.१ असू शकते, म्हणजे एक भरलेली आणि दुसरी अर्धी, आणि १२ व्होल्टच्या चार्जरला यातलं काही कळत नाही. कमजोर असेल ती जोडणीतून सोडवून ६ व्होल्टच्या चार्जरवर एकटी भरा, आठवड्याने परत मोजा, पुन्हा खाली आली असेल तर दोन्ही एकदमच बदला. नवी आणि जुनी जोडी लावली तर चार्जिंगमध्ये कायम एक उपाशी राहते आणि दुसरी उकळते.