जुन्या लेथचा तुटलेला चेंज गिअर नव्याने करताना

तुटलेला चेंज गिअर (आटे पाडताना लेथचा वेग जुळवायला बदलायचा गिअर) भंगारात टाकू नका. दाते मोजा, मोडलेल्या दात्याची जागाही धरून. मग व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. दाते विषम असतील तर समोरासमोर टोकं येत नाहीत, व्यास कमी भरतो. तेव्हा भोकाच्या कडेपासून टोकापर्यंत मोजा, भोकाचा अर्धा व्यास मिळवा आणि दुप्पट करा.

व्यासाला (दाते + २) ने भागा. येतं ते मॉड्यूल, म्हणजे दात्याचं मिमीतलं माप. ४० दाते, ८४ मिमी: मॉड्यूल २. पण तेवढ्याच दात्यांना ८८.९ मिमी आले तर उत्तर २.११७ येतं. हे मॉड्यूल नव्हे, इंची १२ डीपी (डायमेट्रल पिच: दाते जिथे भिडतात त्या व्यासाच्या दर इंचामागे किती दाते). जुन्या ब्रिटिश लेथवर हीच शक्यता जास्त. इथे दाते कापायला मॉड्यूल २ चा कटर चालवला की गिअर बसल्यासारखा वाटतो, पण घरघरतो आणि शेजारच्या चांगल्या गिअरलाही खातो. दाबकोन (दात्याच्या बाजूचा कल) साडेचौदा अंश की वीस, तेही शेजारच्या गिअरवर कटर टेकवून, उजेडात धरून बघाच.

एकेक कटर ठरावीक दात्यांपुरता असतो, आणि डीपी व मॉड्यूलमध्ये त्यांचे नंबर एकमेकांच्या उलटे असतात: ३५ ते ५४ दात्यांना डीपीमध्ये ३ नंबर, मॉड्यूलमध्ये ६.

ब्लँक (दाते पाडण्याआधीची गोल चकती) बिडाचा किंवा ईएन-८ पोलादाचा. डिव्हायडिंग हेड ब्लँक सारख्या भागांत फिरवतं; ४०:१ च्या (हँडलचे ४० फेरे, ब्लँकचा एक) हेडवर ३५ दात्यांसाठी दर दात्याला एक फेरा आणि २१ भोकांच्या वर्तुळावर ३ भोकं. हँडल पुढे गेलं तर पाव फेरा मागे घेऊन पुन्हा या, नाहीतर ढिलाई दात्यात उतरते. १२ डीपीला, साडेचौदा अंशांत, दात्याची खोली ४.५७ मिमी.

बसवताना थोडी फट राहावी म्हणून दोन्ही गिअरमध्ये वहीचा कागद धरून बोल्ट आवळा.