पिंगयाओला जाताय? स्टेशनचं नाव नीट वाचा

चीनच्या शान्शी प्रांतातलं पिंगयाओ हे तटबंदीचं जुनं शहर. गोंधळ असा, की 'पिंगयाओ गूछंग' म्हणजे 'पिंगयाओ जुनं शहर' नावाचं स्टेशन जुन्या शहराजवळ नाही! ते हायस्पीड गाड्यांचं, काही किलोमीटर लांब आहे. नुसतं 'पिंगयाओ' हे साधं स्टेशन मात्र तटबंदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

१. बीजिंग किंवा शीआनहून येताना हायस्पीडच घ्या, पण पुढच्या बस-टॅक्सीसाठी तासभर हाताशी ठेवा.
२. शान्शीची राजधानी तायुआनहून येत असाल आणि घाई नसेल, तर साधी गाडी बरी. सामान ओढत थेट वेशीपाशी पोचता.
३. हॉटेलचं नाव, पत्ता, फोन चिनी लिपीत मागवून स्क्रीनशॉट काढून ठेवा. रोमन अक्षरं टॅक्सीवाल्याला वाचता येतीलच असं नाही, आणि आपला उच्चार तर त्याला मुळीच कळत नाही. जवळची वेस कोणती, तेही हॉटेलला आधीच विचारा. गल्ल्यांतल्या दगडी फरशीवर चाकांची बॅग फार खडखडते.

परतीचं तिकीट काढतानाही हीच दोन नावं पुन्हा तपासा.

आणि मूळ पासपोर्ट जवळ हवाच. तिकीट त्याच्याच नंबरावर असतं, झेरॉक्सवर गाडीत सोडत नाहीत.