जांभ्याच्या ठिपक्यांची झिलई

स्टोनवेअरवर (उच्च तापमानाला भाजलेल्या मातीच्या भांड्यांवर) तपकिरी ठिपके उठवण्यासाठी झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, बाजारातले इल्मेनाइटचे (लोह-टायटॅनियमच्या खनिजाचे) दाणे वापरता येतात. परंतु गोव्यात लोहयुक्त जांभा दाराशीच असल्याने आधी तोच वापरून पाहावा, असे माझे मत आहे. दगड भाजून खलबत्त्यात कुटावा, ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रांच्या) चाळणीतून पडलेली आणि ६० मेशवर अडकलेली रवाळ भुकटीच तेवढी घ्यावी, कारण त्याहून बारीक पूड झिलईत विरघळून सगळा रंगच मळकट करते.

पांढऱ्या झिलईच्या १ किलो कोरड्या मिश्रणात २० ग्रॅम बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक माती) कोरडेच मिसळावे, म्हणजे दाणे लवकर तळाशी बसत नाहीत. ते पाण्यात भिजवून ८० मेशमधून गाळावे आणि दाणे त्यानंतरच, सुमारे १० ग्रॅम, घालावेत. आधी घातले तर ते चाळणीतच राहतात. (माझी पहिली बादली अशीच बिनठिपक्यांची निघाली.) कुटताना मास्क अवश्य लावावा.

सुमारे १००० अंशांवर भाजलेले भांडे ओल्या स्पंजने पुसावे, आणि पावसाळ्यात ते हवेतला ओलावा धरत असल्यामुळे पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करावी. प्रत्येक वेळी बादली तळापासून ढवळून भांडे तीन सेकंद बुडवावे. नखाने ओरखडा काढल्यास थर साधारण दीड मिलिमीटर दिसावा. बुडाची झिलई पुसून १२२० अंशांच्या सुमारास भाजावे. मात्र जांभ्याची प्रत जागोजाग बदलते, म्हणून नव्या दगडाची चाचणी आधी छोट्या चकतीवर घ्यावी.