पावसाळ्यात मान टाकलेलं ऑर्किड

ऑर्किडची पानं सुरकुतली की आपण आणखी पाणी घालतो, आणि तिथेच घात होतो. कोकणात जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली की कुंडी सुकतच नाही. मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं तहानेली दिसतात.

रोप सरळ बाहेर काढा. मुळं बोटांनी दाबून बघा. टणक, चंदेरी-हिरवी ती जिवंत. दाबल्यावर साल हातात येऊन आत नुसता दोरा उरला, तर ते मूळ गेलं. कात्री आचेवर धरून निववा आणि अशी मुळं कापा. कापलेल्या टोकालाच दालचिनीची पूड लावा. चांगल्या मुळांना लागली तर ती सुकतात. दिवसभर पडवीत सावलीला ठेवा.

मग नारळाच्या सोडणाचे इंचभर तुकडे (दोन दिवस पाणी बदलत भिजवलेले, म्हणजे क्षार निघतो) आणि लाकडी कोळसा घालून भोकाभोकांच्या कुंडीत बसवा. माती अजिबात नको! आपली सीतेची वेणी (तीही ऑर्किडच) आंब्या-फणसाच्या खोडावरच फुलते ना? पाणी सकाळी, तेही तुकडे सुकल्यावर. पानांच्या बेचक्यात साचू देऊ नका. नवं मूळ दिसेपर्यंत खत नको.