‘वेल-बिल्ट’ वापरताना या चुका टाळा

लग्नाच्या बायोडेटात, शाळेच्या निबंधात, घराच्या जाहिरातीत हा शब्द हमखास भेटतो आणि बरेचदा ‘वेल बिल्ड’ असा लिहिलेला असतो. पहिली दुरुस्ती इथेच करा. शेवटचं अक्षर डी नाही, टी आहे. ‘बिल्ड’ हे क्रियापदाचं पहिलं रूप. ‘वेल’ला जोडून विशेषण करायचं तर तिसरं रूप लागतं, ते ‘बिल्ट’. ‘वेल-नोन’, ‘वेल-ड्रेस्ड’ हे याच साच्यातले शब्द.

चूक होण्याला कारणही आहे. ‘बिल्ड’ हे नामसुद्धा आहे, अर्थ शरीरयष्टी. त्यामुळे ‘ही हॅज अ स्ट्राँग बिल्ड’ अगदी बरोबर. ‘ही इज वेल-बिल्ट’ हेही बरोबर. पण दोन्हींची खिचडी करून ‘ही हॅज वेल-बिल्ट’ किंवा ‘ही इज गुड बिल्ट’ म्हटलं की वाक्य बिघडलं. ‘हॅज’ वापरलात तर पुढे नाम यायलाच हवं, एवढं पाहिलं तरी निम्म्या चुका टळतात.

अर्थाकडे वळू. माणसाबद्दल बोलताना वेल-बिल्ट म्हणजे धट्टाकट्टा, मजबूत बांध्याचा. उंचीचा इथे संबंध नाही. ठेंगण्या पैलवानालाही हा शब्द शोभतो. नुसत्या जाड माणसाला मात्र तो लावू नका. बाईच्या वर्णनात तर जपूनच वापरा, कारण ऐकणाऱ्याला तो तिच्या जाडीवरचा किंवा फिगरवरचा शेरा वाटू शकतो. खेळाडू मुलीबद्दल सांगायचं असेल तर सरळ ‘स्ट्राँग’ किंवा ‘अ‍ॅथलेटिक’ म्हणा.

वस्तूंना आणि इमारतींनाही हा शब्द चालतो. ‘सिंधुदुर्ग इज अ वेल-बिल्ट सी फोर्ट’ म्हणजे भक्कम बांधणीचा जलदुर्ग. त्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, हे सांगताना मात्र ‘वेल’ मध्ये घुसडू नका. तिथे ‘द वर्क बिगॅन इन १६६४’ एवढं पुरे. बांधणी कशी आहे आणि ती कधी झाली, या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या की वाचणारा अडखळतो.

‘हेवी-ड्यूटी’शी गल्लत तर सर्रास होते. दोर, ताडपत्री, मिक्सर, हातमोजे हेवी-ड्यूटी असतात, म्हणजे जास्त ताण आणि रगड वापर सोसणारे. व्यायामशाळेतल्या तरुणाचं शरीर ‘हेवी-ड्यूटी’ नसतं. उलट शिसवी कपाटाची पक्की जोडणी सांगायला वेल-बिल्टच हवा.

राहिला हायफन. नामाच्या आधी तो द्याच: ‘अ वेल-बिल्ट हाउस’. ‘द हाउस इज’नंतर तो दिला काय, न दिला काय, दोन्ही चालतं. आणि तुलना करताना ‘मोअर वेल-बिल्ट’ कानाला खटकतं, ‘बेटर-बिल्ट’ लिहा.