देसी पबमध्ये जेवायला जाताना

बर्मिंगहॅममध्ये कुणी नवीन मराठी माणूस राहायला आला, की पहिल्या महिन्याभरात मी त्याला शेजारच्या वेस्ट ब्रॉमिचच्या नाहीतर स्मेथिकच्या एखाद्या देसी पबमध्ये जेवायला नेते. पब म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला अंधार, गोंगाट आणि भरमसाट बिल आठवतं. इथला पब म्हणजे गल्लीची बैठक. देसी पब म्हणजे तसाच जुना इंग्रजी पब, पण पंजाबी कुटुंबाने चालवायला घेतलेला. काउंटर लाकडाचा, कोपऱ्यात डार्टबोर्ड, टीव्हीवर फुटबॉल. मागच्या बाजूला मात्र तंदूर पेटलेला असतो आणि फोडणी बरेचदा मालकाची आई किंवा बायको देत असते. अकरा वर्षं मी अशा पबांत जातेय. जेवणासाठी या शहरात माझी सगळ्यात आवडती जागा तीच.

निघण्याआधी एक फोन करा. बार दुपारपासून उघडा असला तरी स्वयंपाकघर काही ठिकाणी संध्याकाळीच सुरू होतं आणि आठवड्यातून एखादा दिवस बंदही असतं. आणखी एक पाहा: त्या दिवशी हॉथॉर्न्सच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमिच अल्बियन या फुटबॉल क्लबची मॅच आहे का? असेल तर जवळपासच्या पबांत उभं राहायला जागा मिळत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर मधला वार बरा. बर्मिंगहॅमहून वुल्वरहॅम्प्टनला जाणारी ट्राम वेस्ट ब्रॉमिचवरूनच जाते, तिने जा. गाडी न्यायचीच असेल तर चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये. कायद्यातली मर्यादा किती आणि आपण किती घेतली, हा हिशोब टेबलावर बसून करायचा नसतो.

आत गेल्यावर कुणी तुम्हाला टेबल दाखवायला येणार नाही. पहिल्या वेळी मी आणि माझा नवरा पंचवीस मिनिटं नुसते बसून राहिलो होतो, वेटर येईल म्हणून. शेवटी शेजारच्या बाईंनी सांगितलं, ‘बॅब, काउंटरवर जाऊन सांगायचं असतं.’ बॅब म्हणजे इथल्या बोलीत ‘बाळा’, अगदी अनोळखी माणसालाही. रिकामं टेबल बघा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, एकाने काउंटरवर जाऊन पेयं आणि जेवण दोन्ही सांगा. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे आतल्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. पैसे हलवून लक्ष वेधू नका. पेयांची पाळी असते: पहिल्यांदा तुम्ही सगळ्यांसाठी आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, आपल्या अंदाजापेक्षा बराच मोठा ग्लास, म्हणून बिनधास्त हाफ मागा. काही घेतच नसाल तर लाइम-सोडा मागा, कुणी काही विचारत नाही. मुलांना नेता येतं, पण किती वाजेपर्यंत, हे प्रत्येक पब आपापलं ठरवतो. त्याच फोनवर विचारून घ्या.

आता जेवण. सगळे मिक्स्ड ग्रिल मागवतात, तुम्हीही मागवा. नाव इंग्रजी पबातलंच आहे. पूर्वी त्यात चॉप, सॉसेज, मूत्रपिंड असं काय काय असायचं. पंजाबी कुटुंबांनी नाव तेच ठेवलं आणि तबकात शीख कबाब, चिकन टिक्का, विंग्ज, लॅम्ब चॉप्स आणि फिश पकोडा मांडला. तापलेल्या लोखंडी तबकावर, कांद्याच्या गादीवर, ते चरचरत येतं. ते येण्याआधी लोकरीचा कोट लांबच्या खुंटीला टांगा, नाहीतर तो धूर आठवडाभर सोबत राहील. खाण्याचा क्रम मी ठरवून घेतलाय. आधी मासा, कारण कांद्याच्या वाफेने त्याचं कवच मऊ पडतं. मग शीख कबाब, कारण तबक गरम असेपर्यंत ते शिजतच राहतात आणि कोरडे पडतात. चॉप आणि विंग्ज शेवटी. हाडामुळे ऊब टिकते. चॉप हातातच धरायचा, काटा-चमच्याने त्याचं काही होत नाही. तळाशी राहिलेला करपट-गोड कांदा लिंबू पिळून नानने पुसून घ्या. माझ्या मते सगळ्यात चांगला घास तो. दोघांना एक ग्रिल आणि एक नान भरपूर होतो. रस्सा त्याच वेळी मागवू नका, ग्रिल संपल्यावर भूक बघून ठरवा.

पण ज्यासाठी मी लोकांना तिथे नेते, ते बरेचदा मेनूकार्डावर नसतं. काउंटरवर विचारा, ‘आज घरच्यांसाठी काय शिजलंय?’ हिंदीत विचारलंत तरी चालतं, आणि आधी ‘सत श्री अकाल’ म्हणालात तर आतून कुणीतरी डोकावून बघतं. कोर्मा-विंदालू असा हॉटेलातला ठरलेला मेनू इथे शोधू नका, बाल्टीही नको. बाल्टी, म्हणजे पातळ कढईत शिजवून तिच्यातच वाढलेला रस्सा, याच शहरातली, पण ती पाकिस्तानी-काश्मिरी लोकांच्या हॉटेलांची. इथे मिळतं ते घरातलं: हाडासकट शिजवलेलं मटण, मेथी-चिकन, तडका डाळ, आणि थंडीत साग. मी कोल्हापूरची. मटणाच्या बाबतीत मी सहज मान डोलावत नाही. हे मटण आपल्यासारखं झणझणीत नसतं, नारळ-खसखस नसते. कांदा-आलं-लसूण तासभर परतून त्यातच मटण मुरवलेलं असतं आणि रस हाडाला चिकटून येतो. नळीतला मगज काढायला चमचा मागा. मागितलात की स्वयंपाकघरात खूश होतात.

सागाचं एका मावशींनी मला ओट्याशी उभं करून दाखवलं. मोहरीचा पाला इथे नेहमी मिळत नाही, म्हणून पालक तर असतोच, शिवाय ब्रोकोली आणि ब्रसेल्स स्प्राउट्स. दोन-अडीच तास मंद शिजवायचं, लाकडी घोटणीने घोटायचं, मक्याचं पीठ भुरभुरवायचं, मग तुपात आल्याची फोडणी. ‘मेरी सास कहती थी, जो हरा मिले डाल दो,’ त्या म्हणाल्या. मक्याची रोटी आपल्या भाकरीसारखी हातावर थापलेली असते, गरम असतानाच खा, गार झाली की तुटते. मोहरीची अ‍ॅलर्जी असेल तर साग मागवण्याआधी सांगा. इथल्या कायद्यात अ‍ॅलर्जी आणणाऱ्या ज्या 14 पदार्थांची माहिती द्यावीच लागते, त्यांत मोहरी आहे. शाकाहारी असाल तर चिली पनीर, मोगोचे तळलेले तुकडे, डाळ, छोले मिळतात. मोगो म्हणजे कसावा, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीयांनी तो इथे रुजवला. पनीर टिक्का मांसाच्याच सळ्यांवर भाजतात का, हे मात्र विचारून घ्या. मांस हलाल की झटका, हेही पबागणिक बदलतं. सरळ विचारा, कुणी रागावत नाही.

जेवण यायला वेळ लागतो. त्या वेळात फोन काढू नका, आजूबाजूला बघा. वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायन पबमध्ये रंगीत काचांची एक खिडकी आहे, चर्चमध्ये असते तशी, पण तिच्यात पंजाबहून इथे आलेल्या लोकांची गोष्ट चितारलेली आहे. ती जवळ जाऊन बघा. हे लोक इथल्या फाउंड्र्यांत, भट्ट्यांवर कामाला आले. पाळी संपल्यावर घसा ओला करायला पबमध्ये जायचे, तर गोऱ्यांच्या खोलीत त्यांना पेय देत नसत. 12 फेब्रुवारी 1965 ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला आले, मार्शल स्ट्रीटवरून चालले, आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल त्यांना ब्लू गेट्स पबमध्ये घेऊन गेले, हा भेदभाव डोळ्यांनी दाखवायला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्सचा खून झाला. सार्वजनिक जागी असा भेद करणं त्याच वर्षीच्या कायद्याने बेकायदा ठरलं. आज त्याच भागात काउंटरच्या आत पंजाबी कुटुंब उभं असतं आणि बाहेर गोरे, काळे, शीख म्हातारे एकाच ग्रिलमधून खात असतात. हे माहीत असलं की तिथलं बसणंच वेगळं होतं.

मागच्या वर्षी माझे बाबा आले होते. वय 74, आयुष्यात पबची पायरी चढले नव्हते. त्यांना खिडकीजवळ बसवून मी काउंटरवर गेले, परत येते तर शेजारच्या टेबलावरच्या सरदारजींशी त्यांचं हिंदीत जोरात चाललेलं. बाबांची 31 वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत गेली, सरदारजींची स्मेथिकच्या. साच्याच्या वाळूत ओल किती हवी, साच्यातला कोअर का फुटतो, यावर दोघं हातवारे करत होते. मग सरदारजींनी बाही वर केली, बाबांनीही केली. वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे उडून पडलेले पांढरे ठिपके, दोघांच्याही उजव्या हातावर, कोपराच्या खाली. ग्रिल आलं तेव्हा सरदारजींनी सगळ्यात मोठा चॉप बाबांच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, ‘बॉस्टिन!’ ब्लॅक कंट्रीतला, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेच्या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यातला, हा शब्द ‘एक नंबर’ या अर्थाचा. म्हणून सांगते, शेजारचं कुणी बोललं तर बोला. टेबलं जवळ जवळ असतात ती त्यासाठीच.

बिल काउंटरवरच द्यायचं, काही ठिकाणी सांगतानाच, काही ठिकाणी शेवटी. टिप द्यायलाच हवी असं नाही. जेवण आवडलं तर मालकाला म्हणायचं, ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’, म्हणजे एक पेय तुमच्यासाठी, माझ्या बिलात. ही इथली जुनी रीत आहे आणि नोटेपेक्षा ती जास्त पोचते. उरलेलं बांधून मागा. रिकामे ग्लास निघताना काउंटरवर नेऊन ठेवा, नेहमीचे लोक ठेवतात. आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मावशींना सांगा, काय आवडलं ते नाव घेऊन. पुढच्या वेळी त्या तुम्हाला ओळखतात.

बाबा अजून दर रविवारी फोनवर विचारतात, सरदारजी भेटले का. भेटतात. गुरुवारी, सहाच्या सुमारास, त्याच खिडकीजवळ, आणि तेही पहिल्यांदा बाबांचंच विचारतात.